डाळिंबाचा काटा सोनोग्राफीवर शोधताना : सरावाच्या ठोकळ्याच्या नोंदी

ठिकाण : सांगोला तालुका, सोलापूर जिल्हा. यंत्र जुनंच, प्रोब (कातडीवर टेकवायचा भाग) ७ ते १२ मेगाहर्ट्‌झचा लिनिअर, म्हणजे सरळ तोंडाचा. हातापायात रुतून राहिलेले काटे शोधण्याचा सराव होईल असा ठोकळा घरच्या घरी बनवायचा आणि त्यावरची नजर रुग्णावर चालते का ते पाहायचं, एवढंच काम. छोट्या गावात हेच करू पाहणाऱ्या रेडिओलॉजिस्टसाठी आणि सर्जनसाठी या नोंदी ठेवते आहे.

१६ एप्रिल

मृग बहाराची, म्हणजे डाळिंबाच्या पावसाळी बहाराची, छाटणी मे महिन्यात सुरू होईल. त्या दिवसांत ओपीडीत ठरावीक तक्रार येते. छाटताना काटा मोडला, वरचा तुकडा निघाला, पण आतलं दुखणं जात नाही. एक्स-रे स्वच्छ. तो स्वच्छच येणार, कारण काटा म्हणजे लाकूड आणि लाकूड एक्स-रेत क्वचितच उमटतं. खिळा, छर्रा दिसतो, दोन मिलिमीटरच्या वरची काचही बहुतेक वेळा दिसते. काटा दिसत नाही. मग गोळ्यांचा एक कोर्स, त्यानंतर दुसरा, आणि बोट सुजलेलंच राहिलं की सर्जन अंदाजाने चीर देतात. भूल उतरायची वेळ येते तरी काटा हाती लागत नाही.

सोनोग्राफीत तो दिसतो, हे पुस्तकात वाचलेलं आहे. पण आमचं रोजचं काम पोटाचं आणि गरोदर बायांचं. तळहाताच्या कातडीखाली दोन सेंटिमीटरांत किती गोष्टी चमकतात याची सवय डोळ्यांना नाही. ती सवय रुग्णाच्या ठणकत्या बोटावर प्रोब दाबून करायची नाही, म्हणून ठोकळा.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकली. १९९४च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याखाली यंत्राची आणि जागेची नोंदणी लागते, यंत्र कोणी चालवायचं हेही ठरलेलं आहे. तुम्ही गर्भ बघता की काटा, याने त्यात फरक पडत नाही. त्यामुळे सराव आमच्या नोंदणीच्या खोलीतच. प्रोब माझ्या आणि आमच्या दुसऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमच्या हातात. सर्जन सर शेजारी बसून स्क्रीन बघतील. शेवटी काटा काढायचा त्यांनाच आहे.

१९ एप्रिल

पहिला ठोकळा. एक लिटर पाणी, १०० ग्रॅम जिलेटिन, दोन चमचे इसबगोल. नुसतं जिलेटिन स्क्रीनवर काळंभोर दिसतं, त्यात काटा लहान मुलालाही सापडेल. मांसासारखा करडा, दाणेदार रंग यावा म्हणून इसबगोल.

निकाल वाईट. मिश्रण उकळलं, त्यामुळे फेस झाला. इसबगोल गरम पाण्यात फुगून इतकं घट्ट झालं की बुडबुडे वर यायला वाटच राहिली नाही. स्क्रीनवर जिकडेतिकडे पांढरे ठिपके आणि प्रत्येकाखाली धूसर सावली. त्यात काटा ठेवलेला आहे हे माहीत असूनही सापडला नाही. ठोकळा टाकून दिला.

२१ एप्रिल

बदललेली कृती अशी. जिलेटिन आधी गार पाण्यात भिजवायचं. फुगलं की पातेलं गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून विरघळवायचं, थेट आचेवर नाही. इसबगोलाऐवजी एक चमचा कॉर्नफ्लोअर, गार पाण्यात कालवून. ढवळताना चमचा पृष्ठभागाच्या वर आणायचा नाही. शेवटी पातेलं गरम पाण्यातच अर्धा तास निवांत ठेवायचं आणि वर आलेला फेस चमच्याने काढून टाकायचा.

बुडबुडे गेले, नवीन अडचण आली. ओतल्यावर कॉर्नफ्लोअर तळाशी बसलं. ठोकळ्याचा वरचा अर्धा भाग काळा, खालचा करडा. ओतण्याआधी मिश्रण बर्फाच्या पाण्यात धरून हलकेच ढवळत राहायचं आणि पाकासारखं दाट झालं की मगच साच्यात ओतायचं, एवढ्याने हे सुटलं. आमचा साचा म्हणजे स्टीलचा चौकोनी डबा.

२४ एप्रिल

काटा आत ठेवायचा कसा, यात दोन दिवस गेले. खालचा थर पूर्ण गोठल्यावर काटा ठेवून वरचा थर ओतला, तर दोन थरांच्या मध्ये एक लखलखीत आडवी रेघ दिसते आणि बघणारा रेघेवर नजर ठेवून काटा ओळखतो. तो सराव खोटा. दोऱ्याने टांगला तर दोरा दिसतो. गोठलेल्या ठोकळ्यात चिमट्याने खुपसला तर मागोमाग हवा आत जाते.

चाललेला उपाय : खालचा थर अर्धवट गोठलेला, डबा हलवला की थरथरतो, अशा वेळी काटा ठेवायचा आणि लगेच वरचं ओतायचं. वेळ चुकली तर काटा बुडतो, त्यामुळे डब्यापाशी उभं राहावं लागतं. काटा ठेवण्याआधी पाण्यात बुडवून बोटाने चोळायचा. कोरड्या काट्याच्या सालीला हवा चिकटलेली असते.

२५ एप्रिल

दुपारी लाइट गेली, खोलीतला एसी बंद. जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास पातळ होतं आणि आमची एप्रिलची दुपार त्याच्या वरची. ठोकळा टेबलावर पसरला.

सोलापूर, विदर्भ, मराठवाड्यातल्यांनी नुसत्या जिलेटिनवर वेळ घालवू नये. अगर-अगर, म्हणजे दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते, ऐंशी अंशांच्या वर तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. मात्र नुसत्या अगरचा ठोकळा ठिसूळ असतो, प्रोब जरा दाबला की चिरतो आणि सुईची वाट कायमची राहते. दोन्ही मिसळून पाहिलं : लिटरला १० ग्रॅम अगरची पूड वेगळ्या पाण्यात उकळून, थोडी निववून, मग भिजवलेल्या ८० ग्रॅम जिलेटिनमध्ये. हा ठोकळा उकाड्यात मऊ पडतो, पण आकार सोडत नाही. प्रोब दाबल्यावर हाताला मांसासारखा लागतो.

२९ एप्रिल

आज ठोकळ्यात डाळिंबाचे, बाभळीचे आणि वेड्या बाभळीचे काटे. लांबी ४ ते १५ मिलिमीटर, खोली अर्धा ते दोन सेंटिमीटर. सिस्टरांनी लपवले, नकाशा पाकिटात बंद.

सगळे सापडले. खूप छान वाटलं आणि सरांनी लगेच तो आनंद कमी केला. ते म्हणाले, "मॅडम, इतका पांढरा आणि खाली इतकी काळी सावली, असा काटा मी पेशंटच्या स्कॅनमध्ये कधी बघितलेला नाही." मागच्या वर्षीची साठवलेली चित्रं काढली. ज्यांच्यातून पुढे काटा निघाला, त्यांत तो फिकट रेघेसारखा होता आणि आजूबाजूला काळसर कडा होती.

१ मे

सुट्टी होती, शांतपणे विचार करता आला. आमच्या ठोकळ्यातला काटा कोरडा आहे, त्याच्या आतल्या पोकळ्यांत हवा आहे. म्हणून तो चमकतो आणि जाड सावली टाकतो. माणसाच्या हातातला काटा आठ-पंधरा दिवस रस शोषून भिजतो, त्याची चमक उतरते. शरीर त्याच्याभोवती सूज, पू, नवी पेशीजाळी तयार करतं, ती काळी कडा म्हणून दिसते. म्हणजे आम्ही पहिल्या दिवसाच्या काट्याचा सराव करत होतो आणि आमच्याकडे पेशंट येतो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

काचेच्या बरण्यांत सलाइन भरून काटे भिजत घातले. एका बरणीतले उद्या काढायचे, एकीतले आठवड्याने, एकीतले तीन आठवड्यांनी. बरण्यांवर चिठ्ठ्या. सलाइन रोज बदलायचं, नाहीतर बुरशी येते.

९ मे

आठवडाभर भिजलेले काटे ठोकळ्यात घातले. फरक मोठा आहे. सावली फिकी, काही काट्यांना नाहीच. चार मिलिमीटरचा बाभळीचा तुकडा सुटला. प्रोब काट्याला समांतर धरला तर रेघ दिसते, आडवा धरला तर फक्त ठिपका आणि तो ठिपका सहज नजरेआड होतो. किरण काट्यावर तिरका पडला तर तेही नाही. म्हणून प्रोब एका जागी ठेवून आधी पुढे-मागे कलवायचा, मग गोल फिरवायचा. सरकवत जाण्यापेक्षा हे हळू होतं, पण काटा यानेच सापडतो.

यंत्राच्या सेटिंगमध्येही एक गोष्ट सापडली. कंपाउंड इमेजिंग कायम चालू असायचं, कारण त्याने चित्र गुळगुळीत दिसतं. त्यात किरण अनेक कोनांतून जातात आणि सावली पुसट होते. भिजलेल्या काट्याची मुळातच फिकी असलेली सावली त्यात साफ गेली. बंद केल्यावर चित्र खरखरीत झालं, सावली परत आली. आता क्रम असा : खोली दोन-तीन सेंटिमीटर, फोकस त्याच पातळीवर, आधी कंपाउंड चालू ठेवून एक फेरी, मग बंद करून दुसरी.

१२ मे

काळी कडा ठोकळ्यात आणायची युक्ती जमली. भिजलेला काटा नुसत्या, कॉर्नफ्लोअर न घातलेल्या जिलेटिनमध्ये बुडवून फ्रिजमध्ये धरायचा, पुन्हा बुडवायचा, असं करत दीड-दोन मिलिमीटरचा पारदर्शक थर चढवायचा. हा लेप स्क्रीनवर काळा येतो. बाहेरचं मिश्रण ओतताना फार गरम असेल तर लेप विरघळतो, म्हणून ते कोमट आणि दाट झाल्यावरच ओतायचं. यात अगर असल्याने ते लवकर धरायला लागतं, हात चपळ हवा.

सरांनी स्क्रीन बघून मान डोलावली. हे चित्र मागच्या वर्षीच्या चित्रांशी जुळतं.

१६ मे

ठोकळ्यात हाड नाही, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) नाही, स्नायूंवरचं पांढरं आवरण नाही. म्हणून कातडीसकट कोंबडीच्या तंगड्या आणल्या. रुग्णालयाचं स्वयंपाकघर शाकाहारी आहे, तिथला फ्रिज वापरायचा नाही हे आधीच सांगून ठेवलं. थर्माकोलचा डबा आणि बर्फ वेगळा घेतला. प्रोबवर आत जेल घालून हातमोजा, वरून पुन्हा जेल. कच्च्या मांसाचं काम झालं की मोजा टाकून प्रोब कंपनीच्या पुस्तिकेतल्या द्रावणानेच पुसायचा. स्पिरिटने काही प्रोबचा पुढचा पडदा खराब होतो.

काटे बादलीत पाण्याखाली खुपसले. बाहेर खुपसलेल्या तंगडीत वाटेभर हवा शिरते आणि तिची चमक काट्यापेक्षा जास्त असते.

सिस्टरांनी काही तंगड्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या आणि त्यांतही आम्हा दोघींना काटे "सापडले". एक हाडाची कड होती, एक स्नायूच्या आवरणाची घडी, एक हवा. ठोकळ्यावर हे कधीच कळलं नसतं. सर आमच्या खुणेवर विश्वासून चीर देणार, म्हणजे रिकाम्या जागी काटा दाखवणं हे काटा सुटण्याइतकंच वाईट.

तेव्हापासून नियम केला. दोन दिशांनी दिसला पाहिजे. प्रोब कलवल्यावरही जागेवर राहिला पाहिजे. रुग्ण असेल तर दुसऱ्या हाताची तीच जागा बघायची. बोट हळू हलवायला सांगायचं, कंडरा सरकते, काटा बहुधा सरकत नाही. यातलं एक जरी बसलं नाही तरी रिपोर्टात "संशयास्पद" लिहायचं, "काटा आहे" नाही.

२३ मे

छाटणी सुरू झाली. पहिले रुग्ण, एक काका, तर्जनीच्या मुळाशी सूज. गावात रुईचा चीक लावून झालेला, बिब्बाही लावलेला, कातडी भाजलेली. भाजलेल्या कातडीवर प्रोब टेकवणं शक्य नव्हतं. प्लास्टिकचा टब कोमट पाण्याने भरला, हात त्यात ठेवायला सांगितला आणि प्रोबचं फक्त टोक पाण्यात धरलं, कातडीपासून सेंटिमीटरभर वर. दाब नाही, जेल नाही, कातडीच्या अगदी खालचा भागही स्वच्छ दिसतो. बोटांसाठी ही सर्वांत चांगली पद्धत. टबातलं पाणी नळातून जोरात भरू नये, बुडबुडे हाताला चिकटतात. भरून ठेवावं आणि थोड्या वेळाने वापरावं. प्रोब किती बुडवायचा याची खूण पुस्तिकेत असते, त्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही.

नऊ मिलिमीटरची फिकी रेघ, काळी कडा, सावली जवळजवळ नाही. बारा तारखेच्या लेपातल्या काट्याची मला लगेच आठवण झाली. कलर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावलं तर कडेभोवती रक्तप्रवाह वाढलेला. सरांनी काटा काढला, मोजला, नऊच्या किंचित खाली भरला.

काका म्हणाले, "म्हंजी फोटूत नव्हता, पर हितं व्हता." एक्स-रेचे पैसे दोनदा भरून आले होते ते.

२७ मे

एक मावशी आल्या, टाचेत काटा. बाहेर कुणीतरी सुईने उकरलेलं, वर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलेलं. स्कॅनमध्ये फक्त हवा. पेरॉक्साइड जखमेत फेसाळतं ते बुडबुडे खोलवर जातात, उकरताना गेलेली हवा वेगळी. काहीही सांगता येईना, तसं लिहूनच दिलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. तोवर ड्रेसिंग आणि टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचं, इंजेक्शन.

त्या आल्या तेव्हा हवा बरीच जिरली होती. टाचेची जाड, भेगाळलेली कातडी अजून आड येत होती, कारण भेगांत हवा असते. पाय कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, भेगांत जेल बोटाने चोळून भरल्यावर आत दिसायला लागलं. काटा दीड सेंटिमीटर खोल, उभा. उभा असल्याने वरून तो फक्त ठिपका होता, टाचेच्या कडेने प्रोब लावला तेव्हा पूर्ण लांबी दिसली.

आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना हाताने लिहिलेली चिठ्ठी पाठवली : काटा आत राहिल्याचा संशय असेल तर उकरू नका, पेरॉक्साइड नको, साध्या पाण्याने धुऊन पाठवा. या साऱ्या कामात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच ठरेल असं मला वाटतं.

३ जून

खूण नीट, काटा जागेवर नाही. तळहात उघडा ठेवून पेनने खूण केली होती, टेबलावर सरांनी बोटं वळवून हात धरला आणि कातडी खालच्या भागावरून सरकली. चीर अर्धा सेंटिमीटर बाजूला गेली. काटा निघाला, पण वेळ फार गेला आणि चीर वाढवावी लागली.

बदल : आता सर आधी हात ऑपरेशनसारखा मांडून देतात, त्याच स्थितीत खूण होते. खोल काट्यासाठी नुसती खूण नाही. दोन बारीक सुया, एकमेकींना काटकोनात, स्कॅन बघत काट्याला टेकवायच्या. जिथे त्या भेटतात तिथे काटा. यंत्र इकडेतिकडे नेण्यापेक्षा सर आमच्या खोलीत येतात. भुलीचं औषध स्कॅनखालीच काट्याभोवती सोडलं तर ते काट्याला आजूबाजूच्या भागापासून सुटं करतं आणि काळ्या द्रवात पांढरा काटा उठून दिसतो. सिरिंजमधला हवेचा शेवटचा थेंबसुद्धा काढून टाकायचा. एकदा हवा गेली की त्या दिवसाचं बघणं संपलं.

सुयांचा सराव जुन्या ठोकळ्यावर केला. अगर-जिलेटिनमध्ये सुईची वाट राहते, त्यामुळे ठोकळा लवकर बाद होतो. वितळवून, गाळून पुन्हा ओतता येतो, पण दोनदाच. त्यानंतर पिवळा पडतो.

१० जून

खर्च. जिलेटिन अर्धा किलो ४५० रुपये, अगरची पूड ३०० रुपये, कॉर्नफ्लोअर, सलाइन आणि बर्फ मिळून २५० रुपये, कोंबडीच्या तंगड्या ६०० रुपये. टब घरचाच. काटे बांधावरचे. टाकून दिलेले ठोकळे यात धरलेले आहेत. खरा खर्च वेळेचा झाला. सुरुवातीलाच काटे भिजत घातले असते तर दोन आठवडे वाचले असते, म्हणून हे करणाऱ्यांनी जिलेटिन आणायच्या आधी बरण्या भरून ठेवाव्यात. तीन आठवड्यांच्या बरणीतले काटे मेच्या अखेरीस वापरले. ते सर्वांत अवघड आहेत आणि आता सरावाची सुरुवात आम्ही त्यांच्यापासूनच करतो.

१४ जून

एका रुग्णात काटा दिसला नाही आणि दुखणं मात्र आहे. रिपोर्टात ठरलेलं वाक्य लिहिलं : तपासलेल्या भागात काटा दिसला नाही, तरी फार बारीक किंवा हाडालगतचा तुकडा यामुळे नाकारता येत नाही. सांध्याच्या अस्तराला काट्यामुळे येणारी सूज महिनोन्‌महिने टिकू शकते, विशेषतः शिंदीच्या काट्याने, म्हणून त्यांना पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं आहे.

१८ जून

निवडुंगाची कुसं घेऊन एक मुलगा आला. सगळ्या हातावर केसांसारखी कुसं, कातडीच्या वरच्या थरात. ठोकळ्यात घालून पाहिली, आमच्या प्रोबला ती दिसत नाहीत. दिसण्याइतकी ती जाडही नाहीत आणि खोलही नाहीत. त्यांच्यासाठी स्कॅन करायचा नाही असं ठरवलं. भिंग, चिमटा आणि उरलेल्यांसाठी फेव्हिकॉलचा पातळ थर लावून, वाळल्यावर सोलून काढणं. ते काम सिस्टरांनी ओपीडीतच केलं.

२० जून

पुढचा ठोकळा बांबूच्या कामट्यांचा आणि उसाच्या पाचटाचा. बांबूची कामटी पोकळ नळ्यांची असते, ती किती दिवसांत भिजते ते पाहायचं आहे. बरण्या आज भरल्या.